हार्ट अटॅकमधून वाचण्याचे ‘९८ टक्के’ आणि ‘९४ टक्के’: या आकड्यांवरून रुग्णालय निवडावे का?

आपला प्रश्न दुहेरी आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्वीडनसारख्या देशात भारतापेक्षा जास्त रुग्ण वाचतात हे खरे का, आणि ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या आपल्या वडिलांसाठी एका रुग्णालयाचे ‘९८ टक्के यश’ व दुसऱ्याचे ‘९४ टक्के’ पाहून निवड करावी का. मी डॉक्टर नाही. नवी मुंबईतील एका खाजगी रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात मी १४ वर्षे नोकरी केली. असे आकडे ज्या फाइलींतून निघतात त्या फाइली लावणे आणि दर महिन्याचा गोषवारा वर पाठवणे हे माझे काम होते, म्हणून उत्तरही त्या टेबलावरूनच देतो.

देशांची तुलना होऊ शकते, पण त्यासाठी दोन्हीकडे जवळजवळ प्रत्येक रुग्णालयाने एकाच पद्धतीने नोंद ठेवलेली असावी लागते. अशी एक तुलना २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तीत २००४ ते २०१० या काळातील स्वीडनचे सुमारे १ लाख २० हजार आणि ब्रिटनचे सुमारे ३ लाख ९१ हजार रुग्ण होते. दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत स्वीडनमध्ये ७.६ टक्के, तर ब्रिटनमध्ये १०.५ टक्के रुग्ण दगावले. ब्रिटनचे रुग्ण मुळात जास्त आजारी असतील, ही शंका संशोधकांनी वय, मधुमेह, झटक्याची तीव्रता वगैरे हिशेबात धरून तपासली, तरीही फरक उरलाच. मोठ्या झटक्यात तातडीने अँजिओप्लास्टी करण्याचे प्रमाण स्वीडनमध्ये ५९ टक्के आणि ब्रिटनमध्ये २२ टक्के होते, हे त्याचे एक ठळक कारण दिसले. ब्रिटनमध्येही ही पद्धत रुळत गेली तसा दोन देशांमधला फरक वर्षागणिक कमी होत गेला.

आता भारताचे पाहा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या नोंदणी अभ्यासात ५० शहरांतील ८९ रुग्णालयांमधले २०,४६८ रुग्ण होते. ईसीजीत ‘एसटी’ भाग वर उचललेला दिसतो अशा मोठ्या झटक्याच्या रुग्णांपैकी ३० दिवसांत ८.६ टक्के मरण पावले. हा आकडा ब्रिटनच्या १०.५ शेजारी ठेवला तर भारत ब्रिटनच्या पुढे आहे असे कोणीही म्हणेल, आणि ते साफ चुकीचे ठरेल. एक तर ब्रिटनच्या आकड्यात लहानमोठे सर्व झटके आहेत. दुसरे म्हणजे ‘क्रिएट’मधील रुग्णांचे सरासरी वय साडेसत्तावन्न होते, आणि युरोपातील रुग्ण सहसा त्याहून बरेच म्हातारे असतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोठ्या झटक्याच्या या रुग्णांपैकी निम्म्यांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायलाच पाच तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला होता. ज्यांना पाच तासही मिळाले नाहीत ते घरी, लोकलमध्ये किंवा रिक्षातच दगावले आणि कोणत्याच रुग्णालयाच्या छेदात, म्हणजे टक्केवारी काढताना धरलेल्या एकूण रुग्णसंख्येत, आले नाहीत. उशिरा पोहोचून जिवंत असलेला रुग्ण हा एका अर्थाने आधीच एक परीक्षा पास झालेला असतो. आपल्याकडे नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम एक चतुर्थांश मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते. २०२० साली हे प्रमाण सुमारे साडेबावीस टक्के होते. त्यामुळे घरीच वारलेल्यांपैकी किती जणांना झटका आला होता, याचा हिशेब मागूनही लागत नाही.

त्याच अभ्यासात गरीब रुग्णांमध्ये ३० दिवसांतील मृत्यू ८.२ टक्के आणि श्रीमंतांमध्ये ५.५ टक्के होते, आणि कोणाला कोणते उपचार मिळाले हे हिशेबात घेतल्यावर हा फरक नाहीसा झाला. देशादेशांच्या तक्त्यापेक्षा मला हीच ओळ अधिक अस्वस्थ करते.

व्याख्येचाही घोळ आहे. ट्रोपोनिन या रक्ततपासणीवर आधारलेली झटक्याची नवी व्याख्या २००० साली आल्यानंतर, पूर्वी नजरेतून सुटणारे लहान झटकेही मोजले जाऊ लागले. लहान झटक्यातून बहुतेक जण वाचतात, त्यामुळे उपचार तेच राहिले तरी कागदावरचे मृत्यूचे प्रमाण खाली येते. ज्या रुग्णालयात ही तपासणी सर्रास होते आणि जिथे होत नाही, त्यांचे आकडे एका तराजूत घालता येत नाहीत.

रुग्णालयांकडे येतो. आमच्याकडे मृतावस्थेत आणलेला रुग्ण यशाच्या टक्केवारीत धरला जात नसे, आणि त्यात गैर काही नाही. मात्र नातेवाइकांनी स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेलेला रुग्ण, ज्याला आम्ही ‘डामा’ म्हणत असू, तो गोषवाऱ्यात ‘जिवंत घरी गेला’ या रकान्यात जात असे. पैसे संपले म्हणून किंवा आता आशा नाही म्हणून नेलेली माणसे त्यात असत. त्यांच्यापैकी काही दुसऱ्या दिवशी वारलेली असणार, पण आमच्या दृष्टीने ती यशाची नोंद होती. मी एकदा हा रकाना वेगळा करावा असे सुचवले होते. ‘फॉर्मॅट वरून आला आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेल्यांचेही असेच. माझ्या मेव्हण्यांना मानपाड्याला झटका आला तेव्हा घरच्यांनी अ‍ॅसिडिटी समजून ओवा आणि सोडा देण्यात तीन तास घालवले. जवळच्या नर्सिंग होममध्ये ईसीजी निघाला, रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले आणि तिथून त्यांना कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची खास खोली) असलेल्या मोठ्या रुग्णालयात हलवले. ते वाचले. पण एकच माणूस दोन रुग्णालयांच्या कागदांवर दोन वेळा वाचला, आणि दुर्दैवाने तसे झाले नसते तर मृत्यू फक्त दुसऱ्याच्या नावावर लागला असता. सर्व रुग्णालयांच्या नोंदी एका ओळख क्रमांकाने जोडलेल्या असतील तरच हा दोष जातो.

आता आपल्या ९८ आणि ९४ बद्दल. समजा ‘क’ रुग्णालयात वर्षाला १००० रुग्ण येतात. त्यांतले ९०० साधे, त्यांपैकी २७ दगावतात (३ टक्के), आणि १०० जण रक्तदाब कोसळून शॉकमध्ये आलेले, त्यांपैकी ५० दगावतात. ‘ख’ मध्येही १००० येतात, पण साधे ९८० आणि शॉकमधले फक्त २०. तिथे साध्यांपैकी ३९ (४ टक्के) आणि शॉकमधल्यांपैकी ११ (५५ टक्के) जातात. म्हणजे दोन्ही प्रकारच्या रुग्णांसाठी ‘क’ अधिक चांगले, पण एकूण मृत्यू ‘क’ मध्ये ७७ आणि ‘ख’ मध्ये ५०. फलकावर ‘ख’ ९५ टक्के लिहील आणि ‘क’ला ९२.३ लिहावे लागेल. गंभीर रुग्ण ‘जागा नाही’ म्हणून पुढे पाठवणारे रुग्णालय कागदावर नेहमीच उजवे दिसते. हे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत, प्रवृत्ती मात्र काल्पनिक नाही. न्यूयॉर्क राज्यात बायपासनंतरचे मृत्यू जाहीर होऊ लागल्यावर शल्यविशारद जोखमीचे रुग्ण टाळतील का, हा वाद तिथे वर्षानुवर्षे चालला.

शिवाय संख्या लहान असते. वर्षाला ५० रुग्ण आणि ४ मृत्यू म्हणजे ८ टक्के, पण एवढ्या माहितीवरून खरे प्रमाण सुमारे २ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. पुढच्या वर्षी दोनच मृत्यू झाले तर डॉक्टर सुधारले असे होत नाही.

म्हणून दोन्ही रुग्णालयांना टक्केवारीऐवजी मी पुढील गोष्टी विचारीन. रुग्ण दारात आल्यापासून बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडेपर्यंत सरासरी किती मिनिटे लागतात? ९० मिनिटांच्या आत हा सर्वमान्य निकष आहे आणि चांगल्या रुग्णालयाकडे हा आकडा तयार असतो. गेल्या वर्षी अशा तातडीच्या अँजिओप्लास्टी किती झाल्या, आणि त्यांतल्या रात्रीच्या किती? आपल्या यशात ‘डामा’ आणि पुढे पाठवलेले रुग्ण कुठे धरले आहेत? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला तर ९८ टक्के विसरून जा.

रुग्णालय निवडताना वाटेचाही विचार करावा. कासारवडवलीहून संध्याकाळी सात वाजता माजिवड्यापर्यंत यायला जो वेळ जातो, तो दोन रुग्णालयांमधल्या चार टक्क्यांच्या फरकापेक्षा आपल्या वडिलांच्या हृदयाला अधिक महाग पडू शकतो. छातीत दुखू लागल्यावर स्वतःची गाडी काढण्यापेक्षा १०८ ला फोन करावा. आणि दोन्ही ठिकाणी एवढे नक्की विचारून ठेवा की, रात्री अडीच वाजता कॅथलॅबचे तंत्रज्ञ इमारतीतच असतात, की त्यांना डोंबिवलीहून बोलावून घ्यावे लागते.