लॉनमधला लव्हाळा: आधी खुरपं, औषधाचं नंतर बघू

प्रश्न: मुंबईत गोराई-मनोरीकडे लॉनच्या चटया (मातीसकट कापून विकायचं तयार गवत) तयार करणारे शेतकरी, मुलुंडची एक सोसायटी आणि लग्नाचं लॉन चालवणारे एक गृहस्थ, सगळ्यांची तक्रार एकच आहे. लॉनमध्ये लव्हाळा माजलाय, उपटला की दुप्पट येतो. दुकानदाराने दिलेलं औषध मारलं तर लॉन पिवळं पडलं आणि लव्हाळा तसाच उभा राहिला. उपाय काय?

उत्तर: आधी तण ओळखा, दुकानाची पायरी त्यानंतर चढा. एक रोप मुळासकट खणून काढा आणि त्याचा दांडा दोन बोटांत फिरवून बघा. तीन कडा हाताला लागल्या, आत भरीव असेल, पानं तीन बाजूंनी फुटलेली असतील आणि खाली काळपट गाठी असतील, तर तो लव्हाळा. तुरा तांबूस-तपकिरी असतो. दांडा गोल आणि पेरांचा असेल तर ते गवत आहे. मेक्सिकन लॉनमध्ये घुसलेली हरळी अशीच ओळखावी. लव्हाळ्यावरचं औषध तिला लागू पडत नाही, ती खणूनच काढायची.

दांडा तीन कडांचाच आहे, पण तुरा हिरवा, गोल बोंडासारखा आहे आणि खाली गाठी नाहीत, तर तो लव्हाळ्याचा बुटका भाऊबंद. तो पाणी साचतं तिथे येतो आणि त्याच्या आडव्या मुळ्या मातीच्या वरच्या थरातच असतात. ती मुळ्यांची जाळी सोलून काढा, निचरा सुधारा, काम संपलं. यासाठी औषध घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

बाकीची तणं थोडक्यात. आंबुटी: पिवळं फूल, तीन पाकळ्यांचं आंबट पान. शेंगा तडकून बी उडायच्या आत काढा. जमिनीला चिकटून पसरणारी, तोडल्यावर चीक येणारी दुधी दिसली की जमीन तुडवून घट्ट झाली आहे असं समजा, बागकामाच्या दातेरी काट्याने भोकं पाडा. रानमेथी पसरली असेल तर लॉनला नत्र कमी पडतंय. हजार चौरस फुटांना अर्धा किलो युरिया कोरड्या पानांवर टाकून लगेच भरपूर पाणी द्या. लाजाळू मुळासकट काढा, हातमोजे घालून.

आता लव्हाळा. जमिनीखाली त्याच्या गाठी एकमेकींना मुळीने जोडलेल्या असतात, माळेसारख्या. वरची गाठ जिवंत असेपर्यंत खालच्या झोपून राहतात. तुम्ही पात धरून ओढता, पात तुटते, गाठ खालीच राहते आणि झोपलेल्याही जाग्या होतात. उपटला की दुप्पट येतो तो यामुळे. दुसरं, नवीन पात वर आल्यावर तीन ते सहा आठवड्यांत ती नव्या गाठी धरायला लागते. तीन-चार पानं दिसली की खणा, तुरा येण्याची वाट बघू नका. तुरा दिसला म्हणजे खाली नवीन माळ तयार झालेली असते.

खणायचं कसं? आदल्या दिवशी पाणी द्या. लांब पात्याचं खुरपं रोपापासून चार बोटं दूर, उभं, वीतभर खोल घाला आणि मातीसकट ढेकूळ उचला. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटर मातीतच असतात. माती चाळा, गाठी वेगळ्या करा आणि पत्र्यावर किंवा गच्चीवर कडक उन्हात दोन आठवडे वाळवा. ओल गेली की गाठ मरते. सोसायटीच्या खतखड्ड्यात मात्र एकही गाठ टाकू नका, तिथे ती आरामात जगते आणि खतातून परत तुमच्याच लॉनमध्ये येते. खड्डा चाळलेल्या मातीने भरून तिथे त्याच लॉनच्या काड्या लावा. मोकळी जागा ठेवली तर ती लव्हाळाच घेणार. दर १५-२० दिवसांनी फेरी मारा. हे काम एप्रिल-मेमध्ये करा, जूनचा पाऊस लागायच्या आत. चिखलात खणलं तर गाठी तुटून पसरतात आणि वाळत तर नाहीतच.

काळं प्लास्टिक अंथरा असं कोणी सांगेल. ऐकू नका, लव्हाळ्याचं टोक ते भोसकून वर येतं.

आता औषधाबद्दल. हे नीट वाचा.

दुकानदार पहिलं काढून देतो ते ग्लायफोसेट. ते निवडक नाही, लव्हाळ्याबरोबर लॉनही जाळतं. मोकळ्या झालेल्या जागेत उरलेल्या गाठी सुखाने फुटतात. शिवाय २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरताच मर्यादित केला आहे. माळ्याच्या हातात पंप देऊन फवारायची ती वस्तू नाही. पॅराक्वाट देत असेल तर दुकानातून बाहेर पडा. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, आणि तुमच्या लॉनवर मुलं खेळतात.

दुसरं हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के. लव्हाळ्यावर ते काम करतं हे खरं. पण आपल्याकडे लेबलवर ऊस, मका अशी पिकं आहेत, लॉन नाही, म्हणून मी त्याची शिफारस लिहून देत नाही. तरी पाकीट घरात आलेलंच असतं, म्हणून हिशेब सांगतो. ३६ ग्रॅमचं पाकीट एका एकरासाठी असतं. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे हजार चौरस फुटांना एक ग्रॅमही येत नाही, ०.८ ग्रॅम येतं, साडेतीन लिटर पाण्यात. सोसायटीच्या हजार चौरस फुटांच्या लॉनवर ‘अर्धं पाकीट टाका, बघा कसं साफ होतं’ असं सांगणारा दुकानदार तुम्हाला वीसपट डोस देतोय. लॉन पिवळं पडायचं कारण हेच. डोस वाढवून लव्हाळा लवकर मरत नाही. पुन्हा सांगतो, डोस वाढवून लवकर मरत नाही.

हे औषध मंद आहे. आठवड्याने पिवळेपणा दिसतो, मरायला दोन-तीन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून दुकानात गेलात की तो दुसरं पाकीट देतो. जाऊ नका, थांबा. फवारणीच्या आधी आणि नंतर दोन दिवस लॉन कापायचं नाही, कारण औषध आत जायला पात लागते. पावसाळ्यात फवारलेलं गटारात जातं, ऑक्टोबरमध्ये उघडीप मिळाल्याशिवाय पंप बाहेर काढू नका. सुट्या बाटलीत ओतून दिलेलं औषध घेऊ नका. सीलबंद डबा आणि बॅच नंबर असलेलं पक्कं बिल मागा. आणि मीठ किंवा रॉकेल ओतणं आजच बंद करा, माती नासते आणि लव्हाळा टिकतो.

लॉन किती खाली कापता तेही बघा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. मेक्सिकन दीड इंच आणि कार्पेट गवत दोन इंच ठेवलं, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापलं नाही, तर दाट गवतच त्याला दाबतं. समारंभाच्या आदल्या दिवशी जमिनीलगत कापणाऱ्या लग्नाच्या लॉनवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

माझा सगळ्यात जास्त आग्रह पुढच्या गोष्टीचा आहे. मुंबईत लव्हाळा येतो तो ट्रकमधून, लाल माती आणि कच्च्या शेणखताबरोबर. आलेली माती लगेच पसरून त्यावर लॉन लावू नका. वीतभर थर करा, भिजवा, तीन आठवडे ओली ठेवा. जे उगवेल ते गाठीसकट काढा. परत भिजवा, परत काढा. ठेकेदार घाई करेल, करू द्या. हे दीड महिन्याचं काम पुढची कितीतरी वर्षं खुरपं वाचवतं. चटया विकणाऱ्या शेतकऱ्यांनी तर हे केल्याशिवाय वाफा लावूच नये. गाठीवाली चटई एकदा गेली की गिऱ्हाईक परत येत नाही.

अनुदान: पॉवर वीडर, ब्रश कटर या तण काढायच्या यंत्रांसाठी शेतकऱ्यांनी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली अर्ज करावा. फार्मर आयडी (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक) लागतो. पूर्वसंमती येण्याआधी यंत्र घेऊ नका. सोसायट्यांना हे लागू नाही.

तयार चटया घेणाऱ्यांनी उतरवून घेण्याआधी ढिगातल्या मधल्या चार-पाच चटया उलट्या करून बघा. खालच्या मातीत एक जरी काळी गाठ दिसली तरी तो ट्रक परत पाठवा.