गोळी परत कधी सुरू करायची ते लिहिलंच नाही, आणि मुदत संपत आलीय

ताई, अशी पत्रं मला सारखी येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, डॉक्टर चुकले का? तुमच्या बाबतीत तो प्रश्न नंतरचा, आधी तारीख बघा.

वडील 71 वर्षांचे, ठोके अनियमित म्हणून रक्तात गुठळी होऊ नये यासाठीची अपिक्साबॅन ही गोळी चालू, पुण्यात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी पाच दिवस आधी गोळी बंद करायला लावली, डिस्चार्ज कार्डावर परत कधी सुरू करायची ते काहीच नाही, घरी आल्यावर बाराव्या दिवशी अर्धांगवायू. एवढं होऊन तुम्ही काय केलंत तर हॉस्पिटलला चार पत्रं लिहिलीत आणि उत्तराची वाट बघत बसलात. अहो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 69 तक्रार टाकायला दोन वर्षं देतं, बास. पत्रानं, नोटिशीनं, मेडिकल कौन्सिलकडच्या तक्रारीनं ती मुदत थांबत नाही. आणि अर्धांगवायूच्या दिवसापासून मोजू नका, समोरचा वकील डिस्चार्जपासून मोजणार, म्हणजे तुमच्याकडे सहा आठवडे पण नाहीत. विलंब माफीचा अर्ज करता येतो हो, पण 'उत्तराची वाट बघत होतो' हे कारण ग्राहक आयोगाला पटेल याच्यावर मी तरी पैज लावणार नाही. गोव्यातल्या एका नर्सच्या पोटात मुंबईच्या ऑपरेशनमध्ये गॉझ, म्हणजे रक्त टिपायचं कापड, राहिला होता, पण ती जवळजवळ 9 वर्षं दुखणं काढत राहिली म्हणून 2010 मध्ये सुप्रीम कोर्टात मुदतीवरच हरली.

तक्रार साताऱ्यातच टाका, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात चालते, आणि बिल पाच लाखांच्या आत असल्यानं फी शून्य.

आता डॉक्टरांच्या चुकीचं. पाच दिवस ही वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीची सवय, या नव्या गोळ्या किडनी ठीक असेल तर साधारण एक-दोन दिवस आधी थांबवतात. पण ते 'जपून केलं' म्हणतील आणि 2005 च्या सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर नुसत्या मतभेदाला निष्काळजीपणा म्हणत नाहीत, तेव्हा त्याच्यावर फार भिस्त नको. माझं लक्ष कार्डावरच्या त्या रिकाम्या जागेवर आहे. रक्तस्राव नसेल तर एक ते तीन दिवसांत गोळी परत सुरू करतात, इथे कोणी सांगितलंच नाही. 'तोंडी सांगितलं होतं' हे उत्तर येणार हे नक्की. त्याच्यावर काय होईल ते हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी मतावर आहे, मी आत्ता शब्द देत नाही.

केस पेपर उद्याच लेखी मागा, पोच घ्या, 72 तासांत द्यावे लागतात. भूल देण्याआधीचा फॉर्म त्यात आहे का बघा, 'चालू औषधं' या रकान्यात तुम्ही काय लिहून दिलं होतंत? वाचल्याशिवाय सही केलीत म्हणता, मग तिथे गोळीचं नाव नसलं तर अवघड आहे. आणि मेडिकलवाल्याकडची त्या महिन्याची बिलं काढा, डिस्चार्जनंतर गोळी घेतलीच नव्हती हे त्यावरून दिसेल.