एकाच घरात एक वारकरी, एक नास्तिक, असं कसं?

या महिन्यात देवाबद्दलची पत्रं जरा जास्तच आली, गणपती तोंडावर आलेत म्हणून असेल. त्यातली चार घेतलीयेत. "देव आहे का नाही ते एकदाचं सांगून टाका" असंही तिघाचौघांनी लिहिलंय, त्यांना नमस्कार, ते काम माझ्याच्याने व्हायचं नाही. लोक मानतात का आणि मानत नाहीत का, एवढ्यावर बोलू.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही इचलकरंजीचे. माझे मिस्टर आणि धाकटे दीर, दोघांत तीन वर्षांचं अंतर, शिक्षण सारखंच, दोघांचाही डिप्लोमा, दोघांनी एकाच आजीकडून हरिपाठ ऐकला. 2009 मध्ये सासऱ्यांची किडनी गेली, डायलिसिस चालू होतं, सासूबाईंनी नवस बोलले, कडक उपास केले, तरी सासरे राहिले नाहीत. पुढच्या आषाढीपासून मिस्टर वारीला जायला लागले, आणि दीर जे देवघराकडे फिरकेनासे झाले ते आजतागायत. आता दर गणपतीत आरतीच्या वेळेला भांडण ठरलेलं. मिस्टर म्हणतात त्याला माज आलाय, दीर म्हणतात दादा घाबरट आहे. खरं कोणाचं? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: ताई, मला विचाराल तर दोघांचंही नाही. आपल्याला वाटतं माणूस विचार करतो, पुरावे बघतो आणि मग ठरवतो की देव आहे किंवा नाही. असं करणारी माणसं असतीलही, मला फार भेटलेली नाहीत. बहुतेकांचं आधी ठरतं आणि मुद्दे नंतर गोळा होतात, दोन्हीकडच्यांचं हं, नास्तिकांनी लगेच हसू नये.

तुमच्या घरात जे झालं ना, एकच दुःख आणि दोन उलटी टोकं, ते मोठ्या प्रमाणावर पण होतं. किल्लारीचा भूकंप आठवा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला पाचेक मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती विसर्जन करून दमून झोपलेले, मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं अंगावर आलं आणि लातूर-उस्मानाबादकडची जवळपास दहा हजार माणसं गेली. काल ज्याला नाचत निरोप दिला त्याने आज हे केलं, असं म्हणून देव सोडणाराही माणूसच आणि एवढ्या ढिगाऱ्यातून माझं लेकरू त्यानेच काढलं म्हणून घट्ट धरणाराही माणूसच. भूकंप तोच, रात्र तीच.

न्यूझीलंडमध्ये तर याचा अभ्यासच झाला. क्राइस्टचर्चला फेब्रुवारी 2011 मध्ये भूकंप झाला, 185 माणसं गेली, आणि योगायोग असा की तिथे त्याच-त्याच माणसांना दरवर्षी प्रश्न विचारणारा एक सर्व्हे आधीपासूनच चालू होता. त्यात दिसलं की बाकी देशात धर्म मानणाऱ्यांचं प्रमाण कमी होत होतं, पण ज्यांना भूकंपाचा फटका बसला त्यांच्यात ते वाढलं. म्हणजे संकटात माणूस देवाकडे वळतो हे सरासरीने खरं. पण सरासरी म्हणजे तुमचे दीर नव्हेत. भूकंपानंतर तिथेही विश्वास गमावलेले लोक होतेच.

आणि आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण तर पंढरपुरातच आहे. चोखोबांची समाधी कुठे आहे बघितलीय ना, महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, म्हणजे देवळाच्या बाहेर. आत जायची परवानगी नाही म्हणून ज्या माणसाने आयुष्य दाराबाहेर काढलं त्याने विठ्ठल सोडला नाही. पुढे तसंच बंद दार नाशिकला काळारामाचं, 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, काही वर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि शेवटी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या ज्यातली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही अशी आहे. दार सारखंच बंद, एकाने बाहेरून हाक मारली, दुसऱ्यांनी पाठ फिरवली. यातल्या कोणाला तुम्ही माज म्हणाल आणि कोणाला घाबरट? माझी तर हिंमत नाही.

मग फरक पडतो कशाने? आता हे माझं मत आहे, शास्त्र नाही. मला वाटतं घटनेने कमी पडतो आणि घटनेनंतर तुमच्या शेजारी कोण बसलं त्याने जास्त पडतो. तुमच्या मिस्टरांना दिंडी मिळाली. ज्याने दिंडी केलीय त्याला माहितीये तिथे काय असतं, पहाटे पालातून उठून टँकरच्या थंड पाण्याने अंघोळ, दिवसभर टाळ, पायाला फोड आला की मागून कोणतरी अनोळखी म्हातारा येऊन सुईने फोडून हळद लावणार, नाव विचारणार नाही, सगळेच माऊली. वडील गेलेल्या माणसाला असे दोन-तीन आठवडे मिळाले तर तो दरवर्षी जाणार नाही तर काय करणार! आणि दीर? ते तेव्हा कुठे होते हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, चुकला तर सोडून द्या, की डायलिसिसच्या चकरा, बिलाची खिडकी, रक्ताची धावपळ त्यांच्याकडे असणार आणि घरी आल्यावर आई उपासाने चक्कर येऊन पडलेली. ज्याने ते बघितलं त्याला आरतीत टाळ्या वाजवायला जड जात असेल तर तो माज नाही.

आरतीचं एवढंच करा, दिरांना आरतीला उभं राहायचा आग्रह बंद आणि त्यांनी त्या वेळेपुरती कमेंट बंद. आणि दोघं भाऊ सासऱ्यांबद्दल शेवटचं कधी बोलले ते विचारा. माझ्या मते भांडण देवावरून नाहीचे.

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे. मला एक कळत नाही, रॉकेट सोडणारे शास्त्रज्ञ लाँचच्या आधी तिरुपतीला मॉडेल घेऊन जातात, सर्जन ऑपरेशनच्या आधी हात जोडतात, आमच्या ऑफिसात सर्व्हरला हळदकुंकू लागतं. शिकलेल्यांचं हे काय आहे? — एक वाचक, पुणे

उत्तर: इस्रोवाले जातात हे खरंय, चांद्रयान-3 च्या वेळीही गेले होते. पण त्यांनी गणितं देवावर सोडली नव्हती ना? ते जातात त्या उरलेल्या भागासाठी, जो हजारो माणसांनी हजार वेळा चेक करूनही हातात राहत नाही.

मालिनोव्स्की नावाचे एक मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले होते. त्यांनी बघितलं की तिथले कोळी आतल्या शांत खाडीत मासे मारायला जाताना काही मंत्रबिंत्र करत नाहीत, सरळ उठतात आणि जातात, पण खुल्या समुद्रात जायचं असलं की साग्रसंगीत विधी करतात. अक्कल तीच, धोका वाढला की विधी वाढला. आपल्याकडे मॅच चालू असताना विकेट पडली की "तू उठलास म्हणून पडली, बस परत तिथेच" म्हणणारे इंजिनीअर मी डोळ्यांनी बघितलेत, आणि तेच लोक ऑफिसात कोड रिव्ह्यूला किती खडूस असतात ते तुम्हाला माहितीच असेल.

पण दोन गोष्टी एकात घालू नका. हात जोडणं वेगळं आणि 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला ते वेगळं. त्या दिवशी देशभर देवळांपुढे लाइनी लागल्या, चमचा सोंडेला लावला की दूध गायब. झालं काय होतं तर पृष्ठताण, चमच्यातलं दूध मूर्तीच्या पृष्ठभागावर ओढलं जाऊन पातळ ओघळाने खाली जात होतं, रंग टाकलेलं दूध दिल्यावर ते चक्क दिसलं. इथे तपासता येतं असा दावा होता आणि तो तपासल्यावर पडला. दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत राहिले की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं भांडण देव मानण्याशी नाही, देवाच्या नावावर फसवण्याशी आहे, आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा आला त्यातही देव मानू नका असं कुठेही नाही, नरबळी आणि अघोरी प्रकारांवर आहे तो.

आणि एक सांगते, तुमच्यासारख्यांची एक सवय असते, भीतीमुळे लोक देव मानतात हे कळलं की झालं, देव नाही हे सिद्ध! तसं होत नाही हो. एखाद्याला विश्वास कशामुळे बसला हे सापडलं म्हणजे तो विश्वास खरा की खोटा याचा निकाल लागत नाही. उद्या कोणी म्हणेल तुम्ही नास्तिक झालात कारण तुमची ऑफिसातली गँग तशी आहे, तर त्याने देव आहे हे सिद्ध होईल का?

प्रश्न: ताई, मी बारावीत आहे. घरी सांगितलं मी देव मानत नाही तर काका म्हणाले हे वेस्टर्न फॅड आहे आणि देव न मानणाऱ्याला नीती नसते. काय उत्तर देऊ? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: काकांना म्हणावं फॅड असेल तर फारच जुनं आहे. चार्वाक सोड, ते सगळ्यांना माहितीयेत. मीमांसावाले घे, वेदांचे सगळ्यात कट्टर पहारेकरी, यज्ञ अगदी काटेकोर पाहिजे, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना लागत नाही. जुन्या सांख्यांनाही लागत नाही, जैनांना नाही, बौद्धांना नाही. हजारेक वर्षांपूर्वी उदयनाचार्य नावाच्या पंडितांना ईश्वर आहे हे सिद्ध करायला आख्खा ग्रंथ लिहावा लागला, म्हणजे समोर नाही म्हणणारे भरपूर असणार! त्यांची एक दंतकथा मला फार आवडते, ते पुरीला गेले तर दार बंद, तेव्हा जगन्नाथालाच सुनावलं की आज ऐश्वर्याच्या मस्तीत मला विचारत नाहीस, पण बौद्ध आले की तुझं असणं माझ्यावर अवलंबून आहे, लक्षात ठेव. आस्तिक असावा तर असा.

नीतीचं म्हणशील तर आगरकर वाच. टिळकांच्याच वयाचे, डेक्कन कॉलेजपासूनचे दोस्त, न्यू इंग्लिश स्कूल एकत्र उभं केलं, पुढे एक इकडे एक तिकडे. आगरकरांनी ईश्वर-धर्म सगळं बुद्धीवर घासून बघितलं, पगार तुटपुंजा घेतला, दम्याने हैराण होते, पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, आणि 1895 मध्ये चाळिशीच्या आत गेले. यात नीती कुठे कमी पडली ते काकांनीच दाखवावं.

बाकी तू एकटी आहेस असंही समजू नकोस. प्यू नावाच्या संस्थेने 2019-20 मध्ये भारतात 30 हजार लोकांना विचारलं तर 97 टक्के म्हणाले देव मानतो, म्हणजे साधारण तीन टक्के मानत नाहीत, आपल्या लोकसंख्येत ते काही कोटी झाले. बौद्धांमध्ये तर जवळपास एक तृतीयांश नाही म्हणाले. आणि 2011 च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक लिहिणारे किती, तर 33 हजारच्या आसपास! बाकीच्या बहुतेकांनी गुपचूप आईवडिलांचा धर्म लिहिला असणार. आता काकांना लगेच तोंडावर पाडू नकोस, बारावीचं वर्ष आहे, अभ्यास कर. आणि दोन रील्स बघून नास्तिक झाली असशील तर तेही मला सांगू नकोस.

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. मी देव मानते, नवरा नाही. मुलगा विचारतो, "खरंच देव आहे का?" काय सांगायचं? — एक आई, ठाणे

उत्तर: काय सांगता याने फार फरक पडत नाही, खरं सांगते. जोसेफ हेन्रिक म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांनी 2009 मध्ये मांडलं की मुलं बोलण्यावर कमी आणि मोठे लोक त्या विश्वासासाठी काय झिजतात त्यावर जास्त जातात. आजी एकादशीला खरंच उपाशी राहते, गुडघे दुखत असताना खाली बसून पोथी वाचते, ते मुलाला दिसतं. आणि एखाद्या घरी बाबा एका हातात फोन धरून "हो सर, मेल टाकतो सर" म्हणत दुसऱ्या हाताने उदबत्ती ओवाळतात, तेही दिसतं. नुसतं "देवबाप्पाला जय कर" म्हणणाऱ्या घरातली मुलं मोठेपणी देवळात फोटो काढण्यापुरती जातात.

त्यामुळे सरळ सांगा, आईला वाटतं आहे, बाबांना वाटतं नाही, दोघांनाही नक्की माहिती नाही. आठ वर्षांच्या मुलाला हे झेपतं, आपल्यालाच झेपत नाही. मात्र "देव शिक्षा करेल" हे वाक्य घरातून हद्दपार करा, त्याने मुलं आस्तिक होत नाहीत, रात्री लाइट चालू ठेवून झोपतात. आणि नवऱ्यालाही सांगा, मुलासमोर तुमच्या पूजेवर जोक नकोत. त्यांना नैवेद्याचा शिरा चालतो ना? मग झालं तर.

पुढच्या अंकासाठी पत्रं 20 तारखेपर्यंत पाठवा. आणि प्लीज, पत्रिका जुळत नाहीये, साडेसाती कधी संपेल वगैरे माझ्याकडे पाठवू नका, त्याचं पान वेगळं आहे, माझ्या पानाच्या मागेच.