तेलात बुडवलेला संगणक : वाचकांच्या शंका

घरचा संगणक पंख्यांऐवजी वीज न वाहणाऱ्या खनिज तेलाच्या टाकीत बुडवून थंड ठेवण्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ओळखीच्या एकांकडे तेलाच्या टाकीतला संगणक पाहिला. तासभर जड गेम चालवूनही प्रोसेसर तापला नाही. म्हणजे पंख्यापेक्षा तेल सरसच ना?

तासाभराच्या चाचणीवरून काहीच ठरत नाही. तेल उष्णता साठवते; ती टाकीबाहेर घालवायचे काम दुसऱ्या कशाला तरी करावे लागते. आकडे मांडून पाहा. टाकी ४५ × २५ × ४० सेंटिमीटरची आणि तेल ३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत असेल, तर आतल्या भागांची जागा वजा जाता साधारण ३७ लिटर तेल बसते. एक लिटर खनिज तेल एका अंशाने तापवायला सुमारे १.६ किलोज्यूल लागतात, तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा हजारपटीहून जास्त. ३७ लिटरसाठी हे होतात जवळपास ६० किलोज्यूल. संगणक ३०० वॅट खात असेल तर एक अंश चढायला २०० सेकंद जातात. खोली २५ अंशांची असेल तर तासाभराने तेल ४० अंशांच्या आसपास येते आणि प्रोसेसर मजेत असतो. पाहणारा तिथेच खूश होऊन उठतो.

पुढे काय होते? या मापाच्या टाकीच्या भिंती आणि वरचा पृष्ठभाग मिळून दर अंशाच्या फरकामागे ५ ते ६ वॅट उष्णता खोलीत सोडतात. ३०० वॅट बाहेर पडायला तेल खोलीपेक्षा निदान ५० अंशांनी गरम व्हावे लागते. आठ-दहा तासांनी तेल सत्तरीपार गेलेले असते आणि प्रोसेसर त्याहून कितीतरी वर. म्हणून चाचणी किमान दहा तासांची करावी आणि प्रोसेसरइतकेच लक्ष तेलाच्या तापमानावर ठेवावे. आमच्या मते तेल ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. उन्हाळ्यात खोली ३५ अंशांवर गेली तर पंपाने फिरवलेले तेल थंड करणाऱ्या रेडिएटरशिवाय या टाकीतून जेमतेम ७५ ते ९० वॅट निघतील. एवढ्यात साध्या कामाचा संगणक बसतो, गेमिंगचा नाही.

केवळ तापमान उतरवण्यासाठी कोणी तेलाकडे वळत असेल, तर चांगला मोठा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता पसरवणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) आणि १४० मिलिमीटरचा सावकाश फिरणारा पंखा हे काम कमी त्रासात करतो. तेलाचा खरा फायदा दोन ठिकाणी आहे : जिथे धूळ अतोनात आहे तिथे, आणि जिथे आवाज अजिबात नको तिथे. तेलाखालच्या मदरबोर्डावर धूळ बसत नाही आणि संपर्कबिंदू गंजत नाहीत.

प्रश्न : कोणते तेल घ्यावे? खायचे तेल, इंजिन ऑईल, ट्रान्सफॉर्मर ऑईल, यांपैकी काय चालेल?

हलके, रंगहीन, वासरहित खनिज तेल घ्या. औषधी दर्जाचे ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ हे तेच. हलके म्हणजे पातळ, आणि पातळपणाला इथे फार महत्त्व आहे, कारण दाट तेल हीटसिंकच्या पात्यांमधून हलतच नाही. ४० अंशांना १० ते १५ सेंटिस्टोक घट्टपणाचे तेल चांगले; ‘हेवी’ प्रकार ६०-७० पर्यंत जातो, तो टाळावा. खरेदी करताना माहितीपत्रक मागून घ्या आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते) १४० अंशांच्या वर असल्याची खात्री करा.

खायचे तेल पहिले काही आठवडे अगदी व्यवस्थित चालते, म्हणूनच लोक फसतात. हवा, उष्णता आणि उघडे तांबे यांच्या संगतीत ते खवट होते, त्यात आम्ल तयार होते आणि पुढे पृष्ठभागावर चिकट राळ धरते. ती राळ धुऊन निघत नाही. इंजिन ऑईलमध्ये नाना रसायने मिसळलेली असतात, शिवाय आतले काही दिसत नाही. बेबी ऑईल म्हणजे बहुधा सुगंध घातलेले खनिज तेलच. चालेल, पण तो सुगंध गरम तेलातून घरभर पसरतो. नवे ट्रान्सफॉर्मर ऑईल तांत्रिकदृष्ट्या उत्तम. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेले तेल मात्र घरात आणूच नका. जुन्या काळच्या काही तेलांत पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल ही विषारी द्रव्ये असत आणि ती डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. डिझेल, रॉकेल यांचा विचारही नको.

एका वाचकांनी १९८५च्या क्रे-२ महासंगणकाचा दाखला दिला आहे. तो खरोखर द्रवात बुडवलेला होता, पण तो द्रव तेल नव्हे, फ्लोरिनर्ट हे फ्लोरिनयुक्त रसायन होते. ते जळत नाही आणि भाग बाहेर काढले की मागे डाग न ठेवता उडून जाते. मात्र ते अतिशय महाग आहे, आणि अशी रसायने पर्यावरणात वर्षानुवर्षे टिकून राहतात. ती बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२५ अखेर या वर्गातल्या रसायनांचे उत्पादन थांबवण्याचे डिसेंबर २०२२मध्ये जाहीर केले होते.

प्रश्न : कोणते भाग आत, कोणते बाहेर? बुडवण्यापूर्वी काय तयारी करावी?

मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी हे आत. हार्ड डिस्क बाहेर, कारण बहुतेकींना हवेचा दाब सारखा राखणारे बारीक छिद्र असते. त्यातून तेल शिरले की डिस्क संपली. डीव्हीडी ड्राइव्ह आणि वायफायचा अँटेनाही बाहेर.

सगळ्यात आधी संगणक कोरडाच जोडून पूर्ण एक दिवस चालवा. बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची मूळ आज्ञावली) अद्ययावत करायचे असेल ते याच वेळी. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल नवा बसवा. तेलात हात घालून तो बदलणे वैतागाचे काम आहे. बायोसमध्ये प्रोसेसरच्या पंख्याची सूचना बंद करा, नाहीतर पंखा काढल्यावर यंत्र सुरूच होणार नाही.

मग सर्व कागदी आणि प्लास्टिकचे लेबल काढा. गरम तेलात त्यांचा गोंद सुटतो, लेबल तरंगत जाते आणि नेमके पंपाच्या तोंडाशी अडकते. अनुक्रमांकांचे फोटो आधी काढून ठेवा.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली नेहमीची पेस्ट तेलात हळूहळू विरघळून निघते. काही महिन्यांनी तेल थंड असूनही प्रोसेसर एकटाच तापू लागला, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. तिच्याऐवजी इंडियम धातूचा पातळ पत्रा वापरा. ग्राफाइटचे पॅडही चालते, पण ते वीजवाहक असते, कडेने बाहेर डोकावू देऊ नका. हीटसिंक दूर-दूर पात्यांचा निवडा. हवेसाठी बनवलेल्या दाट पात्यांत तेल अडून राहते.

पंख्यांबद्दल : ते तेलात फिरतात, जळत नाहीत, पण वेग अगदी कमी होतो आणि वीज जास्त ओढतात. मदरबोर्डाच्या पंख्याच्या जोडणीवर साधारण एक अँपिअरची मर्यादा असते, तेव्हा तिच्यावर असा भार टाकू नये. पंखे काढून पंपाचे बाहेर येणारे तेल थेट हीटसिंकवर सोडणे हा जास्त चांगला मार्ग. पॉवर सप्लायचा पंखा काढण्यासाठी मात्र त्याचे खोके उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यानंतरही जीवघेणा विद्युतदाब शिल्लक असतो. मुळातच बिनपंख्याचा पॉवर सप्लाय घ्या.

शेवटी मांडणी. मदरबोर्ड उभा असा टांगा, की त्याची पोर्टांची बाजू आकाशाकडे येईल आणि तेलाच्या पातळीच्या ३ सेंटिमीटर वर राहील. पॉवर सप्लायही सॉकेट वर करून लटकवा. तीन सेंटिमीटर का, तर तेल तापल्यावर फुगते : ३७ लिटर तेल ४० अंशांनी तापले की सुमारे एक लिटरने वाढते आणि या टाकीत पातळी जवळपास एक सेंटिमीटर चढते. थंड असताना काठोकाठ भरलेली टाकी पहिल्याच दिवशी सांडते. तेल ओतल्यावर रात्रभर तसेच ठेवा, फक्त पंप चालवा. पात्यांखाली आणि सॉकेटमध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे निघून गेले की मगच संगणक सुरू करा.

प्रश्न : टाकी कुठेही गळत नाही, तरी टेबलाखाली तेल साचते आणि कीबोर्डच्या वायरीतून ठिपकते. हे कसे?

वायर आतून गळते आहे. अनेक बारीक तारांच्या वायरीत तारांमधल्या फटींतून तेल केशाकर्षणाने वर चढते आणि वायरीचे बाहेरचे टोक तेलाच्या पातळीखाली असेल तर पुढे सायफनसारखे अखंड वाहत राहते. वेग कमी असतो, पण ते थांबत नाही. वायरीला बाहेर वळसा दिल्याने पाण्याचे थेंब अडतात, पण हे तेल अडत नाही, कारण ते आवरणाच्या आतून येते.

कोणतीही वायर तेलातून थेट बाहेर येऊ न देणे हाच पक्का इलाज. पोर्ट तेलाच्या वर असतील तर प्लगच्या ठोस पिनांपाशी तेलाची वाट आपोआप तुटते. पॉवर बटणासारख्या कमी विद्युतदाबाच्या वायरी बाहेर काढायच्याच असतील तर वाटेत दोन सेंटिमीटर आवरण सोला, तारांमध्ये सोल्डर पूर्ण मुरवा आणि वरून इपॉक्सी भरा. मेन्सच्या (घरातल्या विजेच्या) वायरीला असे काही करू नये. तिच्यासाठी झाकणावर पक्के बसवायचे सी-१४ सॉकेट (संगणकाची नेहमीची वीजवायर बसते ते) मिळते.

प्रश्न : रेडिएटर आणि पंप किती क्षमतेचा लागेल? पाण्याचे कुलिंग किट वापरता येईल का?

३०० वॅट वाहून नेताना तेल रेडिएटरमध्ये ५ अंशांनी थंड व्हावे असे धरले तर मिनिटाला सव्वादोन लिटर प्रवाह पुरतो. पंपावरचे आकडे पाण्याचे असतात, तेलात ते बरेच घसरतात. त्यामुळे पाण्यासाठी मिनिटाला १० लिटर किंवा जास्त लिहिलेला पंप घ्या आणि बसवल्यावर खरा प्रवाह मापाच्या भांड्याने मोजा. थंड तेलात पंप कण्हतो. सकाळी सुरू होईना तर तेल दाट आहे असे समजावे. शोषणाचे तोंड वरच्या, गरम थरात आणि परतीची नळी तळाशी, हीटसिंकच्या खाली ठेवा. उलट जोडणी केली तर गार तेलच फिरत राहते.

पाण्याच्या किटचा रेडिएटर चालतो, पण पाण्यासाठी सुचवलेल्या मापाच्या निदान दुप्पट घ्यावा. नळ्यांच्या आत तेलाकडून धातूला उष्णता पाण्यापेक्षा खूपच सावकाश मिळते. अॅल्युमिनियम आणि तांबे एकत्र असले तरी इथे बिघडत नाही, तेल वीजवाहक नसल्याने गंज धरत नाही. नळ्या मात्र बदलाच. ईपीडीएम आणि नैसर्गिक रबर तेलात फुगते, सिलिकॉनही फुगते. नायट्राइल रबराच्या नळ्या आणि नायट्राइल किंवा व्हायटनच्या ओ-रिंग टिकतात.

हेच कारण काचेच्या फिशटँकला लागू होते. तिचे सांधे सिलिकॉनचे असतात आणि गरम तेलात ते काळाच्या ओघात मऊ पडू शकतात. द्रावकाने जोडलेली अॅक्रिलिकची टाकी जास्त भरवशाची. कोणतीही टाकी घ्या, ती मोठ्या ट्रेमध्ये ठेवा, अख्खे ३७ लिटर मावतील अशा. तेलासकट सगळे वजन ४० किलोच्या वर जाते, म्हणून जागा आधी ठरवा आणि मग तेल भरा.

प्रश्न : आठ महिन्यांत वायरी काठीसारख्या कडक झाल्या आणि तेल पिवळट दिसते. तेल खराब झाले का?

तेलापेक्षा वायरी खराब झाल्या आहेत. पीव्हीसी लवचीक राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. ते गरम तेलात उतरते. वायर जागची हलवली नाही तर ती वर्षानुवर्षे काम देईल, वाकवली तर आवरणाला तडा जातो. जिथे शक्य आहे तिथे टेफ्लॉन आवरणाच्या वायरी वापरा. कपॅसिटरच्या बुडातले रबरी बूचही असेच फुगू शकते, त्यामुळे घन पॉलिमर कपॅसिटरचा बोर्ड निवडावा. नुसता पिवळेपणा असेल तर तेल चालू द्या. गढूळपणा दिसला तर पाणी शिरल्याची शंका घ्या. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जमते. म्हणून कोणताही भाग तळाला टेकू नये आणि टाकीला झाकण असावे.

प्रश्न : लॅपटॉप बुडवता येईल का?

नाही. पडद्याच्या थरांमध्ये तेल शिरून कायमचे डाग पडतात, आणि लिथियम बॅटरी तेलात ठेवणे धोक्याचे आहे.

प्रश्न : आग लागण्याची किंवा शॉक बसण्याची भीती कितपत?

५० अंशांच्या तेलाला सहजासहजी आग लागत नाही. पण तेल भिजलेले फडके किंवा पुठ्ठा वातीसारखा पेटतो, म्हणून टाकीजवळ असे काही ठेवू नये. जवळ ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक हवे. जळत्या तेलावर पाणी कधीही नाही. पंप बंद पडला तर सांगणारे कोणी नसते, तेव्हा तेलाचे तापमान ६० अंशांवर गेल्यास मेन्स तोडणारा थर्मोस्टॅट बसवाच. मेन्स ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून) घ्या आणि मदरबोर्ड ज्या धातूच्या पट्टीवर टांगला आहे तिला अर्थिंग द्या. आत हात घालण्यापूर्वी प्लग उपसायचा, नुसते बटण बंद करायचे नाही.

प्रश्न : नंतर विचार बदलला तर भाग पुन्हा कोरडे वापरता येतात का?

वापरता येतात, पण पूर्ण कोरडे कधीच होत नाहीत, आणि वॉरंटी व दुकानात परत विकायची आशा दोन्ही सोडावी. बोर्ड उभा टांगून दोन दिवस निथळू द्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलने खनिज तेल नीट निघत नाही. इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचा, हायड्रोकार्बन द्रावकाचा क्लीनर वापरावा लागतो. तो ज्वालाग्राही असल्याने काम मोकळ्या हवेत करावे आणि बोर्ड कोरडा झाल्याशिवाय वीज देऊ नये. रॅमच्या खाचांत थोडे तेल राहते, त्याने अडत नाही, कारण संपर्काचा दाब तेलाचा थर बाजूला सारतो. फक्त एवढेच की अशा बोर्डावर धूळ जास्त वेगाने चिकटते. काढलेले तेल कापडातून गाळून बंद डब्यात ठेवले तर पुन्हा वापरता येते. टाकायचे असेल तर मोरीत ओतू नका. वापरलेले तेल गोळा करणाऱ्या केंद्रात द्या.