घरातल्या छोट्या छोट्या गोष्टी कधी झाल्या हे तुम्ही कसं लक्षात ठेवता?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की बाळ दहा महिन्यांचं आहे, फोनमध्ये चार हजार फोटो आहेत, तरी ते पहिल्यांदा पालथं कधी पडलं ते आठवत नाही, सण आणि सहलींचंही तसंच होतंय, मग बाकीच्यांच्या घरात हे कसं ठेवतात. आमच्याकडं कॅलेंडरवर ठेवतात. फोनमधलं नव्हे हो, भिंतीवरचं, कालनिर्णय, गॅसच्या शेजारी खिळ्याला असतं ते, ज्याच्यावर दुधाचा खाडा आणि टाकी लावल्याची तारीख लिहितात. त्याच चौकोनात, टाकीच्या खाली, पोरगं चालायला लागल्याचंही लिहायचं, वेगळी वही करायची नाही. वेगळी वही केली की ती चार दिवसांत बंद पडते, मी स्वतः करून बघितलंय, गुलाबी पुठ्ठ्याची होती, तिसऱ्या पानावर धोब्याचा हिशोब निघाला.

आम्ही कोल्हापुरातले, शुक्रवार पेठेत घर, नदी जवळच. मी २०१० ला लग्न होऊन इथं आलो (हो, मी बाईच आहे, आमच्याकडं बायकापण 'आलो, गेलो'च म्हणतात, व्याकरण काढत बसू नका). आल्यावर दुसऱ्याच दिवशी चहा करताना कॅलेंडरकडं लक्ष गेलं तर लग्नाच्या तारखेच्या चौकोनात सासूबाईंच्या अक्षरात लिहिलेलं, 'सून आली. दूध ४ लि. जादा.' मला आधी जरा रागच आला, म्हटलं दुधाच्या बरोबरीनं लिहितात काय मला. मग खिळ्यावरची मागची जुनी कॅलेंडरं दिसली, एकामागं एक, १९८४ पासूनची, त्यांचं स्वतःचं लग्न झालं त्या वर्षापासूनची. नवरा जन्मला त्या दिवशीचं वाचलं, 'मुलगा. ७ पौंड. रॉकेल आलं.' मग राग गेला.

हे सुरू कसं झालं ते महत्त्वाचं आहे म्हणून सांगतो. सासरे, म्हणजे आबा, एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामी गाड्या असायच्या, आज पणजी, उद्या परत, परवा मुंबई, घरी असले तरी पहाटेची ड्यूटी म्हणून झोपलेले. सासूबाई, त्यांना आम्ही आई म्हणतो, ड्यूटी कुठली लागली ते कॅलेंडरवर लिहून ठेवायच्या, नाहीतर कुणी विचारलं आबा कुठायत तर सांगता यायचं नाही. आणि मग त्याच चौकोनात, पणजीच्या खाली, ते नसताना घरात काय झालं ते चार शब्दांत. फोन नव्हता घरात. आबा रात्री-अपरात्री यायचे, सगळे झोपलेले, ताट झाकून ठेवलेलं, ते जेवता जेवता कॅलेंडर वाचायचे. थोरल्याला दात आला, बारक्याला ताप, मामा येऊन गेला. त्यांना घरातलं सगळं असं जेवताना कळायचं. म्हणजे ही आठवणी जपायची आयडिया वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतीच, तो आबांसाठीचा निरोप होता, तो तसाच साठत गेला.

चौकोन बारीक असतो, त्यात आधीच तिथी, नक्षत्र, संकष्टीचा चंद्रोदय छापलेला, त्यामुळं लांबड लावता येत नाही हा मोठा फायदा. 'लई मज्जा आली' लिहायला जागाच नाही, काय झालं तेवढंच बसतं. नवऱ्याचा पहिला शब्द 'म्हस' होता हे आम्हाला त्या चौकोनामुळंच माहिती आहे, कारण गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून समोर धार काढून दूध देतात तिथं आबा त्याला कडेवर घेऊन जायचे. आई लिहितात, 'म्हस म्हणाला. आई नाही म्हणाला.' आठ दिवसांनी, 'आई म्हणाला.' आजपण कधी भांडण झालं की आई त्याला म्हणतात, तू आधी म्हशीचा.

सहलींचंही तसंच. लोक ट्रिपला जातात तेव्हा आठ दिवसांत बारा ठिकाणं बघतात आणि मग कुठलं देऊळ कुठल्या गावात होतं ते फोटोवरून ओळखत बसतात. आम्ही दरवर्षी जवळजवळ त्याच त्याच ठिकाणी जातो. श्रावणात पन्हाळा, तिथं झुणका भाकरी आणि मक्याचं कणीस, धुक्यात सज्जाकोठीवरून खालचं काही दिसत नाही तरी सगळे वाकून बघतात. दत्ताला वाडीला म्हणजे नरसोबाच्या वाडीला, तिथून बासुंदी, पेढे आणि वांगी. मे महिन्यात कोकण, कधी आंबा घाटातनं गणपतीपुळे, कधी गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून मालवण. तेच ठिकाण असलं की काय बदललं ते कळतं. २०१४ च्या मे मध्ये लिहिलंय, 'आंबा घाट. ३ ओकले.' दोन वर्षांनी, 'आंबा घाट. १.' यंदा नुसतं 'आंबा घाट.' एवढ्यावरून पोरं मोठी झालेली दिसतात की नाही सांगा. (गाडी लागते त्यांच्यासाठी लिंबाचा वास, आवळासुपारी सगळं करून झालं, खरा उपाय म्हणजे निघताना मिसळ न खाणं, पण कोल्हापुरातनं सकाळी गाडी निघते आणि मिसळ खात नाही असं होत नाही.)

आमचा तेरा सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर असतो भाड्याचा आणि पुढच्या सीटवर आबा. त्या ड्रायव्हरची मला दरवर्षी दया येते. आबा बोलत काही नाहीत, नुसता उजवा पाय दाबत बसतात, प्रत्येक वळणावर ब्रेक मारतात, त्यांच्या पायाखाली ब्रेक नसतोय तरी. २०१६ ला रिटायर झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांना हरिप्रिया एक्सप्रेसनं तिरुपतीला नेलं, कोल्हापुरातनं थेट जाते, एक रात्र गाडीत. आयुष्यभर लोकांना झोपेत पोचवलेला माणूस, आम्हाला वाटलं आता निवांत झोपेल, तर रात्रभर खिडकीला डोकं लावून बसले, म्हणाले चालवणारा जागा आहे काय कुणाला माहिती. त्या दिवशीचं कॅलेंडर, 'तिरुपती. टकली ४.' परत आल्यावर अंबाबाईचं दर्शन घेतलं, ते आमच्याकडं करावंच लागतं, तिरुपतीहून देवीला दर नवरात्रात शालू येतो, नातंच आहे ते.

आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी पहिल्यांदा स्वतः कॅलेंडरवर लिहिलं. बत्तीस वर्षं नुसतं वाचत होते. 'दूध आणलं.' एवढंच. आईंनी त्याच्याखाली लिहिलं, 'पाणी घातलेलं.'

माझ्या माहेरचंही एक त्यात आहे. राधानगरी रोडला गाव, ऊस सगळा. जानेवारीत एका रविवारी सगळे गुऱ्हाळावर जातो, जाऊबाई पुण्याहून येतात त्यासाठी, दिवाळीला नाही आल्या तरी याला येतात. काहिलीत रस उकळत असतो, भेंडीचं पाणी टाकून मळी वर काढतात, आणि गुळव्या असतो तो नुसतं बघून सांगतो की आता उतरवा, घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. तिथं माझ्या लेकीनं पाचव्या वर्षी गरम काकवीत बोट घातलं. फोड आला. रडली नाही, बोट चोखत बसली. लिहिलेलं आहे. आणि माहेरच्याच विहिरीत मे मध्ये तिला तिच्या मामानं कमरेला डबा बांधून पोहायला शिकवलं, आधी आबांचं मत होतं की पंचगंगेच्या घाटावरच शिकवायचं, ते तिथंच शिकले, पण आता नदीचं पाणी बघून त्यांनीच विषय सोडला. 'डबा सुटला. पोहली.' हे माझं अक्षर, तोवर मला लिहायची परवानगी मिळाली होती.

परवानगीचं विचाराल तर नियम दोनच. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस असलं लिहायचं नाही, ते सगळ्यांना माहिती असतं. आणि झाल्यावरच लिहायचं, ठरलेलं नाही. ठरलेलं लिहिलं की ते झालंच असं पुढं वाटतं. धाकट्याचं जावळ जोतिबावर काढायचं ठरलं होतं, मामाच्या मांडीवर, तारीख आधी लिहून ठेवली माझ्या नवऱ्यानं, आणि मामालाच कांजिण्या आल्या. ते दोन आठवड्यांनी झालं, पोरगं केसापेक्षा गुलालानंच जास्त रडलं, पण कॅलेंडरवर आजपण दोन जावळं आहेत.

आता २०१९ चं. ऑगस्टमध्ये पाणी आलं ते तुम्हाला माहिती असेलच, महापूर. आमच्याकडं सगळं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट त्यावर चालतं, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, शुक्रवार पेठेतली पोरंपण हे पाढ्यासारखं म्हणतात. २००५ ला पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलं होतं म्हणून आबा म्हणाले थांबेल, आणि नाही थांबलं. देव्हाऱ्यातले देव, दागिने, कागदपत्रं, आबांच्या गोळ्या घेऊन राजारामपुरीत आत्यांकडं गेलो. दहा-बारा दिवस तिथं अकरा माणसं, हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, आणि त्यातच लेकीचा पहिला दात पडला. ती म्हणाली कॅलेंडरवर लिही. तेव्हा सगळे एकदम गप्प झालो, कारण तेव्हा कुठं लक्षात आलं की कॅलेंडरं खिळ्यालाच राहिली.

परत आलो तर भिंतीवर कमरेएवढी रेघ, आणि वरच्या खिळ्यावरची चालू सालातली वाचलेली, बाकीचा गठ्ठा जागा होत नाही म्हणून मीच खालच्या खिळ्याला लावला होता, तो चिखलात. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. अंगणात दोऱ्या बांधून पापडासारखी वाळत घातली. शाईपेननं लिहिलेलं सगळं निळं होऊन गेलं, बॉलपेनचं राहिलं. (हे लक्षात ठेवा, बॉलपेननंच लिहा, जेलपेन तर अजिबात नको.) १९९१ च्या आधीचं फारसं काही हाताला लागलं नाही. पुराच्या त्या वर्षी, २०१९ ला, २ सप्टेंबरला गणपती बसले, दीर पुण्याहून आला, आणि दर्शनाला जायचं सोडून पानापानात वर्तमानपत्र घालत, इस्त्री फिरवत बसला. वाचत होता मोठ्यानं. दीराचं स्वतःचंच निघालं, 'बारका चालला. ४ पावलं.' आणि वर ड्यूटी, 'पणजी मुक्काम.'

आबा पलीकडं सुपारी कातरत होते. म्हणाले, त्या दिवशी आंबोलीत टायर फुटला होता, धो धो पाऊस, प्यासेंजरातली एक बाई लेकरू घेऊन बसली होती, तिला माझा रेनकोट दिला. एवढं बोलून परत सुपारी. दीर आणि मी एकमेकांकडं बघतोय, कारण अठ्ठावीस वर्षं ते पान आम्हा सगळ्यांसाठी चार पावलांचं होतं. दीरानं पेन घेतलं आणि त्याच चौकोनात, कडेला, बारीक अक्षरात लिहिलं, 'आंबोली. टायर.' तेव्हापासून आबांना बसवून एकेक पान विचारायचं काम चालू आहे, ड्यूटी वाचायची आणि ते रस्ता सांगतात. सगळंच आठवतं असं नाही, पण घाटाची गाडी असली की हमखास आठवतं. २००३ पर्यंत आलोय.

२०२१ ला जुलैत परत पाणी आलं, तेव्हा ३९ व्हायच्या आधी पहिली कॅलेंडरं माळ्यावर गेली, मग देव. आई म्हणाल्या देव समजून घेतील.

दीर तिकडं पुण्यात वेगळं कॅलेंडर ठेवत नाही, पोरानं काही केलं की फोन करून आईंना सांगतो, आई इथं लिहितात, त्यामुळं पुण्यातलं पोरगं कोल्हापूरच्या भिंतीवर वाढतंय. मला विचाराल तर तुम्ही फोटो काढायचं बंद करू नका, फोटो असू देतच, पण चार हजारांतनं चार शब्द वेगळे काढता येत नाहीत. मागचे दहा महिने आठवून आठवून भरत बसू नका, आजपासून लिहा, पालथं पडल्याचं गेलं तर गेलं, रांगणं असेल पुढं.

खिळा मात्र उंच मारा. पुराचं सोडा, रंगपंचमीला दीराचं ते पोरगं आलं होतं दीड वर्षाचं, खुर्चीला धरून उभं राहिलं आणि आमचा यंदाचा मार्च वीस तारखेपर्यंत खाल्ला.