नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. क्रोमची फाइल उतरते, पण इन्स्टॉल होत नाही. काय करावं?

लॅपटॉप बहुधा विंडोजच्या ‘एस मोड’मध्ये आहे, त्यातून बाहेर पडलात की क्रोम बसेल. या मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप्स चालतात, त्यामुळे फाइल पुन्हा पुन्हा उतरवून उपयोग नाही. आधी सेटिंग्ज > सिस्टिम > अबाउट इथे एडिशनसमोर ‘एस मोड’ दिसतंय का बघा. दिसलं तर:

- सिस्टिम > ॲक्टिव्हेशन उघडा.
- ‘स्विच टू विंडोज होम’खालच्या ‘गो टू द स्टोअर’वर क्लिक करून ‘गेट’ दाबा.

‘अपग्रेड युवर एडिशन’ला मात्र हात लावू नका, ते वेगळं प्रकरण आहे. मोड सोडायला पैसे लागत नाहीत. पण एकदा सोडला की परत त्यात जाता येत नाही.