लाल सांगितलं, हिरवं लागलं

श्रावण लागला की या सदराच्या टपालात मिक्सर-इस्त्रीची पत्रं मागं पडतात आणि मखराच्या दिव्यांची सुरू होतात. यंदा जवळजवळ सगळी पत्रं एकाच वस्तूबद्दल आहेत. प्रोग्रॅम लिहून जिच्यातल्या प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो, ती एलईडी पट्टी. आमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मुलं तिला नुसतं ‘अठ्ठावीस बारा’ म्हणायची, आतल्या डब्ल्यूएस २८१२बी या चिपच्या नावावरून. मीही तेच म्हणते.

प्रश्न : ताई, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मंडळाच्या मखरासाठी पाच मीटरची, ३०० दिव्यांची पट्टी घेतली. अर्दुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर फास्टएलईडी ही अशा पट्ट्यांसाठीची तयार कोडची लायब्ररी वापरून प्रोग्रॅम केला. नुसता लाल टाकला की सगळी पट्टी छान पेटते. पांढरा टाकला की सुरुवातीला पांढरा, मध्ये पिवळट आणि शेवटी चक्क भगवा दिसतो. मंडळातले म्हणतात, राहू दे, भगवाच बरा. पण प्रोग्रॅममध्ये चूक कुठे आहे? (सांगली)

उत्तर : प्रोग्रॅममध्ये चूक नाही. लाल चालतो आणि पांढरा बिघडतो, या तुझ्याच वाक्यात उत्तर आहे.

प्रत्येक दिव्यात तीन बारीक एलईडी असतात. लाल साधारण दोन व्होल्टवर पेटतो, हिरव्या-निळ्याला तीनच्या आसपास लागतात. पट्टीवरचा तांब्याचा थर कागदासारखा पातळ. त्यातून जास्त करंट ओढला की व्होल्टेज वाटेतच गळतं. तोंडाशी पाच व्होल्ट असले तरी शेपटाकडे पोचेपर्यंत साडेतीन-चार उरतात. तिथे आधी निळा मान टाकतो. पांढऱ्यातून निळा वजा झाला की पिवळा उरतो, मग हिरवाही मंदावला की भगवा. लाल शेवटपर्यंत तग धरतो. नुसता लाल टाकलास की करंटही तिसरा हिस्साच लागतो, म्हणून तेव्हा तक्रार नाही.

आता हिशेब कर. पूर्ण पांढऱ्याला एका दिव्यामागे ६० मिलिअँपिअर धरायचे. ३०० दिवे म्हणजे १८ अँपिअर. तू सप्लाय कुठला लावलास ते पत्रात नाही, पण उनोच्या पाच व्होल्टच्या पिनवरून पट्टीला दिला असशील तर तो आधी काढ. यूएसबीवर चालताना त्या बोर्डावरचा फ्यूज अर्ध्या अँपिअरचा आहे. तो पट्टीसाठी नाही रे. पाच व्होल्टचा वेगळा एसएमपीएस, म्हणजे घरातल्या विजेचे पाच व्होल्ट करून देणारा डबा, घे आणि दीड एमएमच्या वायरने पट्टीला दोन्ही टोकांना आणि मध्येही सप्लाय दे. एसएमपीएसचा आणि उनोचा ग्राउंड, म्हणजे निगेटिव्ह बाजू, एकमेकांना जोड. पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि डेटाच्या तारेत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर लाव. दोन्ही मिळून चहाच्या पैशात येतात.

जाळीचे एसएमपीएस घेतलेस तर त्यांच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात. मखरात निरंजन असतं, तीर्थाचं पाणी असतं, दूर्वा ठेवायला लहान मुलं हात घालतात. तो डबा झाकल्याशिवाय प्लग लावायचा नाही. ही एवढी एक गोष्ट माझ्या शब्दाखातर कर.

सॉफ्टवेअरमधूनही थोडा लगाम घालता येतो. फास्टएलईडीत एक फंक्शन आहे, त्याला ‘पाच व्होल्ट, जास्तीत जास्त ४००० मिलिअँपिअर’ असं सांगून ठेवलं की रंग पाठवायच्या आधी ते बेरीज करतं आणि गरजेपुरता उजेड उतरवतं. मखरात पूर्ण पांढरा उजेड हवा कशाला? मूर्तीचा चेहरा पांढराफटक दिसतो.

पण ती बेरीज कागदावरची आहे, मोजलेली नाही. कारण उनो पट्टीशी बोलतो, पट्टी उलट काही बोलत नाही. पंगतीत जिलबीचं ताट पुढे सरकवतात तसं हे काम चालतं. पहिला दिवा आपले २४ बिट काढून घेतो आणि उरलेलं पुढे ढकलतो, दुसराही तेच करतो. ताट शेवटपर्यंत पोचलं का, मध्येच सांडलं का, याचा निरोप माघारी येत नाही. पट्टी उपटून टाकलीस तरी प्रोग्रॅम तितक्याच आनंदाने चालत राहील. म्हणून रात्र-रात्र कोड बदलण्याआधी मल्टीमीटर घे आणि शेवटच्या दिव्यापाशी व्होल्टेज मोज.

प्रश्न : लाल सांगितला की हिरवा लागतो आणि हिरवा सांगितला की लाल. निळा मात्र बरोबर. पट्टी खराब लागली का? (डोंबिवली)

उत्तर : पट्टी उत्तम आहे. अठ्ठावीस बाराला आधी हिरवा, मग लाल, मग निळा अशा क्रमाने आकडे लागतात आणि तुम्ही लायब्ररीला लाल-हिरवा-निळा सांगून ठेवलंय. सुरुवातीच्या एका ओळीत ‘आरजीबी’च्या जागी ‘जीआरबी’ करा. नवी पट्टी आली की पहिला दिवा लाल, दुसरा हिरवा, तिसरा निळा एवढंच आधी लावून बघायचं.

प्रश्न : ईएसपी ३२ या वायफायवाल्या बोर्डवर डब्ल्यूएलईडी हे पट्टीसाठीचं तयार सॉफ्टवेअर टाकलं. मोबाइलवरून रंग बदलतात, पण मधूनच पट्टीभर भलतेच ठिपके चमकतात. तारेला हात लावला की थांबतात. (कोल्हापूर)

उत्तर : हात लावून थांबतात हे वाचून मला आमच्या लॅबचं प्रदर्शन आठवलं. एका मुलाने पट्टीचं टोक चिमटीत धरलं की ती शहाणी, सोडलं की वेडी. पाहुणे येईपर्यंत कारण सापडेना, म्हणून तो बिचारा तासभर टोक धरून उभा राहिला. पाहुण्यांना वाटलं, तोच प्रयोग आहे! संध्याकाळी आवरताना दिसलं की ग्राउंडची तार ब्रेडबोर्डात एक भोक चुकून खोचली होती. मीच खोचली होती.

तेव्हा आधी ग्राउंड बघा. तो ठीक असेल तर दुसरं कारण असं की ईएसपी ३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो. चिपच्या कागदपत्रांप्रमाणे सप्लायच्या सात दशांशाच्या वरचं तिला ‘एक’ म्हणून कळतं. पाच व्होल्टवर ते होतात साडेतीन. म्हणजे तुमचा ‘एक’ उंबरठ्याच्या खालीच राहतो. बऱ्याचदा तरीही चालतो, म्हणून माणूस फसतो. मधे ७४एचसीटी१२५ ही आयसी टाका, ती ३.३ चे पाच करून देते. ७४एचसी१२५ नको, त्या ‘टी’साठीच सगळं करायचंय. पुण्यात तपकीर गल्लीत मागताना चिठ्ठीवर नाव लिहून न्या. तोंडी सांगितलं की ‘टी’ वाटेत पडतो. आयसी लगेच मिळाली नाही तर ईएसपी पट्टीच्या अगदी जवळ आणा आणि डेटाची तार वीतभरच ठेवा.

प्रश्न : आषाढ अंकात तुम्ही लिहिलंत की पट्टीतला प्रत्येक दिवा वेगळा रंगवता येतो आणि कुठूनही कापता येतो. मी १२ व्होल्टची, ३०० दिव्यांची आणली. तिच्यात तीन-तीन दिवे एकत्रच रंग बदलतात. वर धावता ठिपका थोडा वेळ दिसतो आणि बराच वेळ गायब होतो. (नाशिक)

उत्तर : माझं चुकलं. ते वाक्य पाच व्होल्टच्या अठ्ठावीस बारापुरतं खरं आहे आणि मी तसं लिहायला हवं होतं. तुमच्याकडे आहे ती बहुधा डब्ल्यूएस २८११ ची पट्टी. तिच्यात एका चिपवर तीन दिवे ओळीने जोडलेले असतात, म्हणून तिघांचा रंग एक आणि कापायचं तेही तीन दिव्यांनंतर, कात्रीची खूण असेल तिथेच. भरपाई म्हणून एक फायदाही सांगते. व्होल्टेज जास्त म्हणून तेवढ्याच उजेडाला करंट कमी लागतो, त्यामुळे लांब पट्टीत सांगलीकराची तक्रार उशिरा सुरू होते.

ठिपका गायब होतो कारण प्रोग्रॅममध्ये तुम्ही ३०० लिहिलंय आणि चिपा आहेत १००. ठिपका शंभरापर्यंत दिसतो, मग पट्टी संपल्यावरही उरलेले दोनशे आकडे हवेत धावतो. आकडा १०० करा.

प्रश्न : मी नववीत आहे. टीव्हीच्या रिमोटने मखराचे रंग बदलायचे आहेत. नुसता रिमोट चालतो, नुसती पट्टीही चालते. एकत्र केलं की दहा वेळा बटण दाबावं लागतं. उनो आहे, ३०० दिवे. (पुणे)

उत्तर : छान अडकला आहेस. ३०० दिव्यांना ७२०० बिट पाठवायचे आणि एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद, म्हणजे दर वेळी नऊ मिलिसेकंद. बिटाची वेळ जरा हलली तर शून्याचा एक होतो, म्हणून तेवढा वेळ लायब्ररी इंटरप्ट बंद ठेवते. सोप्या भाषेत उनो कानात बोटं घालून बसतो. एनईसी पद्धतीच्या रिमोटचा एक निरोप ६७-६८ मिलिसेकंद चालतो. तू दर २० मिलिसेकंदांनी पट्टी रंगवत असशील तर एकही निरोप अख्खा ऐकू येणार नाही. अधूनमधून लागतोय हेच नवल.

रंग बदलला असेल तेव्हाच पाठव. रिमोटच्या लायब्ररीत निरोप येणं चालू आहे का हे विचारता येतं, ते चालू असेल तर पट्टीला थांबव. किंवा ईएसपी ३२ घे. त्याच्यात ठोके मोजून पाठवायला वेगळा भाग असतो, मुख्य प्रोसेसर ऐकायला मोकळा राहतो. आणि प्रोग्रॅम थांबवून ठेवणारं ‘डिले’ काढून, किती वेळ झाला ते सांगणाऱ्या ‘मिलिस’ने वेळ मोजायला आत्ताच शिक, पुढे उपयोगी पडेल.

प्रश्न : मागच्या वर्षी आरतीच्या वेळी समईने मखराचा पडदा पेटता पेटता राहिला. यंदा समईत तेल-वात नको असं घरात ठरलं. मुलाने पाच दिवे बसवून दिले, पण ते ज्योतीसारखे न दिसता बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखे फडफडतात. शिवाय थोड्या वेळाने रंगही बदलतो. (इंदूर)

उत्तर : हे पत्र मी सगळ्यांत आवडीने वाचलं.

रंग बदलण्याचं आधी. मुलाने निओपिक्सेल या फास्टएलईडीसारख्याच दुसऱ्या लायब्ररीतल्या ‘ब्राइटनेस’च्या फंक्शनने उजेड वर-खाली केला असणार. ते फंक्शन साठवलेले आकडेच बदलतं आणि दर वेळी अपूर्णांक सांडतात. निळ्याचा आकडा मुळात लहान, तो लवकर शून्य होतो. ब्राइटनेस सुरुवातीला एकदाच ठरवा आणि दर वेळी रंग मूळ आकड्यांवरून नव्याने काढा. मी लाल २५५, हिरवा ९०, निळा १२ इथून सुरू करते.

आता फडफड. मुलगा दर वेळी यादृच्छिक, म्हणजे मनाला येईल तो आकडा घेऊन थेट दाखवत असेल. ज्योत अशी उड्या मारत नाही, ती कलते आणि सावरते. म्हणून मनाला येईल तो आकडा दाखवायचा नाही, त्याला मुक्काम मानायचं. दर २० मिलिसेकंदांनी मुक्कामापर्यंतच्या अंतराचा आठवा हिस्सा चालायचं आणि शंभर-दीडशे मिलिसेकंदांनी मुक्काम बदलायचा. मुक्काम बहुतेक वेळा वरच्या बाजूचेच ठेवा, क्वचित एखादा खोल. खाली येताना हिरवा लालापेक्षा थोडा जास्त उतरवा, म्हणजे ज्योत मंदावताना तांबूस होते. आपल्या डोळ्याला आकडा अर्धा केल्याने उजेड अर्धा वाटत नाही, बराच जास्त वाटतो. त्यासाठी गॅमाची दुरुस्ती करणारं फंक्शन लायब्ररीत आहे, सगळ्यांत शेवटी त्यातून आकडा काढा.

दिव्यांवर बटर पेपरची पाच बारीक नळकांडी बसवा, नाहीतर चिपचा टोकदार ठिपका दिसत राहतो. आणि पाचही वातींचे मुक्काम वेगवेगळे ठेवायला सांगा मुलाला. खऱ्या समईत पाचही वाती एकदम कलतात त्या कुणी पंखा लावला तरच.